‘ओबी’चं मिक्सिंग

मी खोटं बोललो होतो आणि ते छापून आलं.

प्रशीलला जाऊन आज वर्ष झालं. त्याच्या गावी, सावलीला, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला जाऊन आलोय. खूप थकलोय, पण हे आजच लिहायचं आहे.

आमचा दोघांचाच बँड. मी गिटार आणि गाणं, तो कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि लॅपटॉप. इलेक्ट्रॉनिक रॉक म्हटलं की इकडे लोक विचारायचे, “म्हणजे डीजे का?”

दोन वर्षं घासून एकच अल्बम केला. आठ गाणी. नाव ‘ओबी’. राजुऱ्याकडे खाणीतून काढून टाकलेल्या मातीच्या डोंगराला ओबी म्हणतात. माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या खिडकीतून तोच दिसतो. रेकॉर्डिंगही तिथेच केलं, रविवारी.

प्रशीलची मंडप-साऊंड सर्व्हिस होती. मिक्सिंग झालेलं प्रत्येक गाणं तो टेम्पोवरच्या भोंग्यावर वाजवून बघायचा.

मी म्हटलं, “अबे, लोक हेडफोनवर ऐकतात.”

“कोन ऐकते? आपल्या इकडं गानं भोंग्यावरच ऐकतेत. भोंग्यावर फुटलं तं फुटलंच.”

मी लांब धानाच्या शेतात, धुऱ्यावर उभा राहायचो. ऐकू यायचं, पटायचं, मग हात वर करायचो.

आठही गाण्यांना मी हात वर केला होता.

त्याला सिकल सेल होता, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की बोटं सुजायची. शेवटची दोन गाणी त्यानं खाटेवर पडून मिक्स केली.

अल्बम आला. हेडफोनवर नुसता पत्र्याचा आवाज. बेस शोधून सापडेना, कारण भोंग्यावर बेस फाटतो म्हणून त्यानं तो कापून काढला होता. इकडचे म्हणाले, यावर नाचता येत नाही. तिकडचे हेडफोनवाले म्हणाले, कानाला टोचतं. ना घर का, ना घाट का.

मग पुण्याहून संगीतावर लिहिणाऱ्या एका मुलीचा फोन आला. गाणी तिला आवडली होती. मिक्सिंग असं का, एवढंच विचारलं.

मी म्हणालो, “ते प्रशीलचं. मंडपवाला आहे तो. मला पटलं नव्हतं.”

तिनं जसंच्या तसं छापलं.

दुसऱ्या दिवशी प्रशीलचा फोन. “वाचलं बे.”

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला,

“जाऊ दे. एकाचं तरी नाव चांगलं राहू दे. दोघाइनं कायले डुबाचं?”

खरं सांगतो, मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली.

पुढे तो चंद्रपूरला ॲडमिट झाला. मी तीनदा गेलो. तिन्ही वेळा बोलायचं ठरवून गेलो आणि टेम्पोच्या इन्शुरन्सवर बोलून परत आलो. चौथ्यांदा जायची वेळ आलीच नाही.

आज जेवणं झाल्यावर त्याची माय माझ्याजवळ येऊन बसली.

“काय असते रे थे मिक्सिंग? लोकं म्हनतेत, माह्या पोरानं गानं खराब केलं.”

इतके दिवस ती हे ऐकून घेत होती, हे मला माहीतच नव्हतं.

“माय, त्यानं एकट्यानं काई नाई केलं. मी संग होतो. मी हो म्हनलो होतो. मंग खोटं बोललो.”

तिनं पदराचं टोक पिळत विचारलं,

“थो होता तवा सांगतलं का त्याले?”

“नाई.”

“मंग जिथी छापलं, तिथी सांग.”

त्या मुलीला फोन लावला. ती आता संगीतावर लिहीत नाही. म्हणून इथे लिहितोय.

टाकायच्या आधी पोस्ट मायला फोनवर वाचून दाखवली. तिनं पूर्ण ऐकली. रडली नाही.

म्हणाली, “पुरं नाव टाक त्याचं. सावलीत प्रशील लई हायेत.”

प्रशील देवाजी मेश्राम.

माफ कर, मित्रा. जय भीम.