लोर्ना हापालाचं राहिलेलं गणित

लोर्ना हापाला पहाटे तीनला उठायची. चारला अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या रुग्णालयातल्या धुलाईघरात तिची पाळी सुरू व्हायची. अकरा वर्षांत ती उशिरा आल्याचं मला आठवत नाही. मी तिथली यंत्रं सांभाळायचो. थंडीत गाडी सुरू झाली नाही तर ती बर्फातून दीड मैल चालत यायची.

तिचं काम मोठ्या इस्त्रीयंत्रावर. दोघीजणी ओल्या चादरीची दोन टोकं धरतात आणि ती तापलेल्या रोलरांत सोडतात. मिनिटाला सात-आठ चादरी. एकीचा हात मागे राहिला की चादर वाकडी जाते आणि यंत्र थांबवावं लागतं. लोर्नाचा हात मागे राहत नसे. दुसरं टोक जिनी पेलोचं. जिनीची जीभ रोलरापेक्षा जोरात फिरायची.

डॉक्टर व्हायचं हे लोर्नाने तिसाव्या वर्षी ठरवलं. बोलली कुणालाच नाही. धुलाईघरातल्या तिच्या कपाटाच्या दाराला आतून तिने एक कागद चिकटवला, तेव्हा आम्हाला कळलं. पदवी घेताना करायचे विषय त्यावर लिहिलेले होते : जीवशास्त्र, रसायन, भौतिक, इंग्रजी आणि गणिताचे दोन. यातला एक जरी राहिला तरी वैद्यकीय कॉलेज अर्ज बाजूला ठेवतं.

"डॉक्टरीणबाई, आधी ही चादर सरळ धरा," जिनी म्हणायची.

"धरलीये. तुझंच टोक खाली आहे," लोर्ना म्हणायची. खरंच खाली असायचं.

साडेबाराला पाळी संपली की कॉलेज. एका सत्रात एक विषय, फार तर दोन. सहा वर्षांत कागदावरच्या सगळ्या विषयांवर रेघ आली. गणितात एक बीजगणित, एक संख्याशास्त्र. दोन्हीत वरची श्रेणी.

मार्चमध्ये अर्ज भरण्याआधी तिने वैद्यकीय कॉलेजला फोन केला. आम्ही मागच्या, माल उतरवायच्या धक्क्यावर डबा खात होतो. तिच्या हातात पास्टी होती, मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी. फोनवर ती फार बोलली नाही. "मानसशास्त्र विभागाचं," एवढं म्हणाली आणि मग नुसती ऐकत राहिली. पास्टी तशीच डब्यात ठेवली.

"व्हर्न, माझं संख्याशास्त्र ते धरत नाहीत," ती मला म्हणाली.

"का? पास झालीस ना?"

"मी ते मानसशास्त्र विभागाकडून केलं. त्यांना गणित विभागाचं लागतं. आकडेमोड तीच, पण विभाग दुसरा."

"मग तिकडून कशाला घेतलंस?"

"ते दुपारी दोनला होतं. गणितवाल्यांचं सकाळी नऊला. नऊला मी कुठे असते, तुला माहीत आहे."

"विषय घेण्याआधी फोन करायचा असतो, पोरी."

"हो," ती म्हणाली. "चूक माझीच."

ऑगस्टअखेर दुसरं गणित झालं नाही तर वर्ष जाणार होतं. ती छत्तिशीची होती. उन्हाळ्यात कॉलेजात एकच गणित मिळत होतं : कॅल्क्युलस, आठ आठवडे, रोज सकाळी नऊ ते अकरा.

सकाळचे दोन तास मागायला ती मुकादम ओलुंडकडे गेली.

"इस्त्रीयंत्राला दोन बायका लागतात, लोर्ना. दीड नाही," तो म्हणाला.

"मग मला मळक्या बाजूला टाक. दुपारची पाळी."

ओलुंडने चष्मा काढला. "तिकडे काय येतं माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

वॉर्डांतून आलेल्या पिशव्या तिथे हाताने उघडून निवडतात. रक्त, उलट्या, चादरीत राहून गेलेल्या सुया. अंगावर प्लास्टिकचा झगा, हातात दोन-दोन मोजे, आणि उन्हाळ्याचा उकाडा. आपणहून तिथे गेलेलं माणूस मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

कॅल्क्युलसला बसण्याआधी एक चाचणी असते. त्यात ती नापास झाली. त्रिकोणमिती शाळेनंतर तिने पाहिलीच नव्हती. पुन्हा बसायला तीन आठवडे होते. डब्याच्या वेळी ती वही काढायची. चुकलेलं उदाहरण खोडायची नाही. खाली पहिल्यापासून मांडायची. एक उदाहरण मी मोजलं, नऊ वेळा मांडलं होतं. दुसऱ्या वेळी पास झाली.

जूनपासून ती मळक्या बाजूला. पाळी संपवून निघताना जिनी मधल्या काचेतून ओरडायची, "परत ये गं बये! या नवीच्या मनगटांना हात आहेत की लोण्याचे गोळे?" एका शुक्रवारी जिनीने विचारलं, "ते गणित डॉक्टरला कुठे लागतं?"

"अजून कळलं नाही," लोर्ना म्हणाली. "कळलं की सांगते."

पहिल्या परीक्षेत शंभरात बावन्न. दुसरीत एकाहत्तर. शेवटच्या परीक्षेच्या दिवशी ती अकराला सुटली आणि बाराला पिशव्या उघडायला हजर होती. कसा गेला पेपर, मी विचारलं नाही. तिचा चेहरा मास्कने झाकलेला होता. शेवटी बी श्रेणी आली. मला ती तिच्या आधीच्या सगळ्या श्रेणींपेक्षा मोठी वाटते.

अर्ज वेळेवर गेला. इस्त्रीयंत्रावरची जागा नवीला गेली होती, म्हणून लोर्ना मळक्या बाजूलाच राहिली. पुढच्या एप्रिलमध्ये पत्र आलं. जागा दिली होती, पण ती धरून ठेवायला ठरावीक रक्कम पंधरा दिवसांत भरायची होती. मळक्या बाजूच्या त्या पंधरवड्याच्या पगारातून लोर्नाने ती जागा धरली.