खड्डे चुकवणारा देसिदेरियो

डोंगरावरच्या आमच्या पिएत्राफोस्का गावाहून खाली शहरात जाणारी बस एकच, आणि बावीस वर्षं ती चालवणारा माणूसही एकच, देसिदेरियो. रस्ता इतका उखडलेला की ज्या नगराध्यक्षाच्या कारकिर्दीत खड्डा पडला त्याचंच नाव आम्ही खड्ड्याला देतो. सगळ्यात खोल तो गाएतानो.

१२ सप्टेंबरला, मंगळवारी, रस्ते खात्याच्या माणसानं बसच्या काचेला एक फोन चिकटवला. बस आदळली की फोनला कळतं आणि जागेसकट ती नोंद कचेरीत पोचते, असं तो म्हणाला. ज्या रस्त्यावर हादरे जास्त, तो थंडीआधी दुरुस्त होणार. आमचा नाही झाला तर बर्फ पडल्यावर बस बंद. देसिदेरियोची बायको पालमीरा आठवड्यातून तीनदा याच बसनं डायलिसिसला जाते.

तरी देसिदेरियोला एक शब्द पटला नाही. "हादरे कसले मोजतायत? मी कुठं कुठं थांबतो ते बघतायत." थांबा नसला तरी तो म्हाताऱ्यांना दारात उतरवतो.

"आणि आपण काय बोलतो तेही ऐकत असणार," मागच्या बाकावरून कोंबड्या पाळणारी एव्हेलीना म्हणाली. तेव्हापासून बसमध्ये कुणी सुनेबद्दल चकार शब्द काढला नाही. मीसुद्धा फक्त हवेबद्दल बोलत असे.

५ ऑक्टोबरला पत्र आलं. रस्ता समाधानकारक, दुरुस्तीची गरज नाही. फोन महिनाअखेर काढून नेतील.

एव्हेलीनानं त्याला चौकातच गाठलं. "समाधानकारक! कितीला विकलंस रे आम्हाला?"

"अगं, मी काय केलं?"

"फोन तुझ्या बसमध्ये होता की माझ्या खुराड्यात?"

कॉफीच्या दुकानात त्या दिवशी त्याच्या शेजारी कुणी उभं राहिलं नाही. खरं सांगायचं तर संशय मलाही आला होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसले आणि त्याचे हात पाहत राहिले. गाएतानो आला. चाक जरा डावीकडे, जरा उजवीकडे, आणि बस अलगद पुढे गेली.

"देसिदेरियो, तू खड्डे चुकवतोस!"

"मग काय करू, बाई? पालमीराच्या हाताची सुयांनी चाळण झालीय. एक हादरा बसला तरी कळवळते."

"आणि फोन आल्यापासून?"

"आणखी जपून. वाटलं, माझं चालवणं तपासतायत."

१० तारखेला त्यानं पालमीराला सांगितलं, "आज तू मेहुण्याच्या गाडीनं जा. आज मी एकही खड्डा चुकवणार नाही."

"उद्या मी चढले की पुन्हा चुकवशील. काय घालायची ती बस माझ्यादेखत खड्ड्यात घाल."

गाएतानो दिसला. सवयीनं त्याचे हात वळले.

"सरळ घे," ती म्हणाली.

हात पुन्हा वळले.

"सरळ, देसिदेरियो! चाळीस वर्षं माझं ऐकलं नाहीस, आज तरी ऐक!"

बस आदळली. पालमीराची दांडीवरची बोटं पांढरी पडली, पण तोंडातून आवाज निघाला नाही. खालपर्यंत त्यानं एकही खड्डा सोडला नाही. शहरात उतरताना डोळे पुसत होता तो देसिदेरियो.

आठवड्यानं दुसरं पत्र आलं. आकडे अचानक बदलले असून चालकानं मुद्दाम केल्याचा संशय आहे. अभियंता स्वतः पाहणी करतील.

"घेऊ दे की संशय," एव्हेलीना म्हणाली. "येतोय ना?"

अभियंता गुरुवारी आला. देसिदेरियोकडे रोखून पाहत म्हणाला, "तुमच्या बसमध्ये मी बसणार नाही. माझी गाडी पुढे, तुम्ही मागून या."

दुसऱ्याच वळणावर त्याच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात आदळून फुटलं. देसिदेरियोनं बस थांबवली, जॅक काढला आणि चाक बदलायला बसला. साहेब गुडघ्यांवर वाकून टेपनं खड्ड्याची खोली मोजत होते. तेवढ्यात पालमीरानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"साहेब, नीट मोजा, पण जरा लवकर. दवाखान्यात मशीन माझ्यासाठी खोळंबलंय."