बसायचं माप

मुरुमच्या पेठेत चन्नबसप्पाचं कापडाचं दुकान होतं. पण चन्नबसप्पा दुकानात सापडेल तर शपथ! माणूस वाईट नव्हता हो. पायाला भिंगरी, दुसरं काय. गिऱ्हाईक गादीवर बसलेलं, लुगडं उलगडलेलं, आणि हा निम्म्यात गज खाली ठेवून रस्त्यावर मोटार आली का बघायला जायचा. मग त्याची बायको महादेवी आतल्या दारातून पुढं यायची आणि उरलेलं लुगडं मोजून द्यायची. उभ्यानंच.

उभ्यानं, कारण खाली बसणं तिच्या नशिबातून गेलं होतं. चव्वेचाळीस साली ती विहिरीच्या पायरीवरून घसरली. हाडवैद्यानं गुडघा बांधला, तो आखडला तो आखडलाच. वर्षभरात दुसऱ्या गुडघ्यानंही त्याचीच री ओढली. आता बघा, ज्या घरात जेवण जमिनीवर, भाकरी जमिनीवर, पाहुणा आला तर तोही घोंगडीवर, तिथं जिला खाली बसता येत नाही अशा बाईनं जायचं कुठं? बाजेवर टेकलं तर बाज झोळीसारखी खाली जायची आणि उठवायला दोन बायका लागायच्या. ती कोनाड्यात ताटली ठेवून उभ्यानं जेवायची. लग्नाकार्याला जाणं तिनं सोडून दिलं. सगळ्या बायका पंगतीत बसल्यावर आपण एकटीनंच खांबासारखं उभं राहायचं, हे तिला सोसत नव्हतं.

तेही तिनं गिळलं असतं. पूजेचं मात्र गिळवेना. सकाळी आंघोळ करून मांडी घालायची, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि डोळे मिटायचे, ही तिची लहानपणापासूनची रीत. अख्ख्या दिवसातली तेवढीच घटका तिची स्वतःची. आता ती धान्याच्या कणगीला पाठ लावून उभी राहायची. पाय लटलटायचे, तळहात हलायचा. शिवाकडं लक्ष कुठलं लागणार? सगळं लक्ष लिंग पडतं की काय याच्याकडं.

"आवो, मला एक खुर्ची पायजे," एके दिवशी ती नवऱ्याला म्हणाली.

शेजारची सिताबाई चुलीसाठी विस्तव न्यायला आली होती, ती फिस्सकन हसली. "खुर्ची? अगं बाई, तहसीलदार झालीस व्हय?" तिचं तरी काय चुकलं? तेव्हा मुरुमात खुर्च्या होत्याच मोजून चार-पाच. शाळेत, चौकीत, दवाखान्यात. त्यांच्यावर कुणी बाई बसलेली कुणाच्या बघण्यात नव्हती.

चन्नबसप्पाला मात्र काय आनंद झाला म्हणून सांगू! आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आता फिरायला सबब शोधायला नको. कापडाच्या खरेदीला गेला की त्या गावातली एकूण एक खुर्च्यांची दुकानं पालथी घालायचा. गुलबर्ग्याचे सुतार झाले, लातूरचे झाले. कुठं कुण्या देशमुखाच्या घरी नवी बैठक आली असं कळलं की ओळख ना पाळख, हा बघायला दारात हजर. परत आला की भिंतीला पाठ लावून, गुडघे वाकवून, हवेतच बसून दाखवायचा. "अश्शी पाठ तिची. हात हे असे. वेताचं विणकाम, शिसवी लाकूड. पर पाय जरा बारीक वाटले, म्हणून सोडली."

"सोडली व्हय? बरं," महादेवी म्हणायची. "मग त्या हवेतल्या खुर्चीवर तुम्हीच बसा, म्या आपली हितं उभीच हाय."

दोन वर्षं हे असं चाललं. शेवटी तिनंच हट्ट धरला आणि त्याच्याबरोबर मोटारीनं सोलापूर गाठलं. दुकान मोठं, समोर काच, आत खुर्च्यांच्या रांगा. एक आरसा तर एवढा उंच की महादेवीला त्यात पहिल्यांदाच आपण डोक्यापासून पायांपर्यंत दिसलो. केवढीशी होती ती! दुकानदारानं खुर्ची पुढं सरकवली. "बाईंना बसवून बघा की."

महादेवीनं इकडंतिकडं बघितलं. चार परके पुरुष, शेजारी नवरा उभा, आणि आपण खुर्चीवर बसायचं? गुडघे बसबस म्हणत होते, मन नको म्हणत होतं. "तुम्हीच बघा," ती पदर ओढून म्हणाली.

आणि तो बघायला लागला. ही नाही, ती. ती नाही, पलीकडची. अकरा खुर्च्यांवर बसला, टेकला, दांडे दाबले, उठला. महादेवी तासभर उभी. बारावीवर त्यानं मांड्या थोपटल्या. "ही घ्या बांधून!"

खुर्ची मोटारीच्या टपावर चढली. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीवर, कारकुनानं तपासणीच्या नावाखाली तिच्यावर बसून विडी ओढून घेतली, ते वेगळंच. घरी आल्यावर दार लावून घेतलं आणि महादेवी एकदाची बसली.

तिचे पाय अधांतरी लोंबले. चन्नबसप्पा पडला ताडमाड माणूस. खुर्ची त्याच्या अंगाला बसली होती, तिच्या नाही. पाठ टेकायला मागं सरकावं तर कडेची फळी पोटऱ्यांत रुतायची, पुढं सरकावं तर पाठीला आधार नाही. लोंबत्या पायांनी गुडघ्यांत अशी कळ गेली की ती रडली. दुखण्यानं कमी, रागानं जास्त.

"ही तुमची खुर्ची हाय. माझी न्हाय."

"पाय कापून घेऊ की खुर्चीचे!" तो घाईघाईनं म्हणाला. गोरोबा सुताराला बोलावलं. गोरोबानं खुर्ची उलटी केली, नखानं खरवडली आणि म्हणाला, "वरून शिसवी, आत आंबा. करवत लावली की उकलंल." मग ती दुकानात गेली. तिच्यावर चन्नबसप्पा बसेल म्हणता? छे! तिच्यावर धोतरांचे गठ्ठे बसले.

दुसऱ्या साली त्याच्या डोक्यात हैदराबादच्या नुमाइशीनं घर केलं. तिथं म्हणे सगळ्या मुलखातले कारागीर येतात, दिवाणखानेच्या दिवाणखाने मांडून ठेवतात. गेला. आठ दिवसांनी परत आला तो दारात जोडा न काढता तसाच उभा. नेहमीसारखा हवेत बसला नाही, शिसवीचं नाव काढलं नाही. महादेवीनं आधी त्याच्या खिशाकडं बघितलं.

"काय झालं? खिसा कापला व्हय?"

मग त्यानं हळूहळू सांगितलं. नुमाइशीत इमामसाब नावाचे एक म्हातारे कारागीर भेटले. खुर्च्या नुसत्या बघत राहाव्यात अशा. यानं एक निवडली तर म्हाताऱ्यानं विचारलं, "किसके वास्ते होना जी?" घरवालीसाठी, गुडघे आखडलेत, हा म्हणाला. "तो नाप बोलो. एड़ी से घुटने तक कित्ता? पाँव का पंजा कित्ता? नीचे पट्टी लगाना पड़ता." यानं हवेतच हात वर-खाली केला. म्हाताऱ्यानं पुन्हा विचारलं, लग्नाला किती साल झाले? पंचवीस, हा म्हणाला. "पच्चीस साल! और घुटना मालूम नै?"

"सबंध गाडीत तेवढंच डोक्यात घुमत व्हतं बघ," चन्नबसप्पा म्हणाला. "रोज गावाची लुगडी मोजतो म्या. आन्..." त्यानं खिशातून सुतळी काढली, खाली बसला आणि तिचं पाऊल धरलं. "हलू नगं. माप घेतो."

"अगो यव्वा!" विस्तवाला आलेली सिताबाई दारातच किंचाळली. महादेवीनं पाय असा ओढला की पडता पडता वाचली.

नवऱ्यानं बायकोचे पाय धरायचे हे एक आक्रीत. पण किंकाळी त्यासाठी नव्हती. यांच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणूस गेलं की जाळत नाहीत, बसवतात. बसवूनच वाजतगाजत नेतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. तो खड्डा केवढा खणायचा ते गेलेल्याच्या पावलावरून ठरतं. दोरीनं पाऊल मोजायचं आणि त्या मापानं खणायचं. जित्या माणसाचं पाऊल कुणी दोरीनं मोजत नाही.

"म्या जिती हाय अजून!" महादेवी ओरडली. "बसायला खुर्ची मागितली तर खड्ड्याचं माप घेता व्हय?"

चन्नबसप्पाचं तोंड एवढंसं झालं. त्यानं सुतळी खुंटीला अडकवली आणि दुकानात निघून गेला. पुन्हा विषय निघाला नाही.

पुढं दिवस बिघडले. रझाकारांच्या गाड्या फिरायला लागल्या, मोटारी बंद पडल्या, सोलापूर तुटलं, हैदराबाद तर लांबच राहिलं. पेठ दुपारीच सामसूम व्हायची. चन्नबसप्पा घरात अडकला. पुढच्या दारातून परसात, परसातून पुढच्या दारात, नुसत्या येरझाऱ्या. ही बसू न शकणारी, तो बसू न इच्छिणारा, आणि दोघं एका घरात. भांडणाला कारण लागत नव्हतं. "बसा की वो घटकाभर!" ती ओरडायची. "तुमच्या पायात मला माझंच दुखणं दिसतंय." तो दोन पळं टेकायचा आणि परत उठायचा. बाहेर कुत्रं भुंकलं तरी दोघांचा जीव उडायचा.

अशात एका सकाळी ती कणगीला टेकून पूजेला उभी होती. रस्त्यावर कसलासा मोठा आवाज झाला, गुडघा लचकला आणि तळहातावरचं लिंग निसटलं. तिनं जिवाच्या आकांतानं दुसऱ्या हातानं ओचा पुढं केला. लिंग ओच्यात पडलं. बोटभर इकडंतिकडं झालं असतं तर जमिनीवर! तिनं ओचा मुठीत गच्च आवळून धरला. जिवापलीकडं जपायची वस्तू, आणि आपल्याला ती धड हातावर धरता येऊ नये. मरणाची भीती तिला होतीच. पण या भीतीपुढं ती काहीच नव्हती.

चन्नबसप्पा परसातून धावत आला. तिनं लिंग गळ्यात बांधलं, डोळे पुसले आणि खुंटीकडं बोट केलं.

"ती सुतळी आणा. घ्या माप."

तो खुंटीकडं वळला, तशी ती म्हणाली, "थांबा. आधी तुमचं."

"माझं कशाला?"

"मोजायचं तर दोघांचं मोजायचं. मी एकटीनं मापात जायची न्हाय. बसा त्या तुमच्या खुर्चीवर, आन् पाय वर करा."

दुकानातली खुर्ची आली, गठ्ठे खाली उतरले. चन्नबसप्पा बसला आणि त्यानं समोरच्या पेटीवर पाय ठेवला. तिनं उभ्यानंच वाकून सुतळीचं टोक टाचेला लावलं, आणि हा गडी खदखदा हसायला लागला! पाय आखडला, झटकला, पुन्हा ठेवला, पुन्हा हसला. पन्नाशीचा बाप्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसतोय. त्याला तळपायाला गुदगुल्या होतात हे पंचवीस वर्षांत तिला तरी कुठं माहीत होतं? तिलाही हसू फुटलं. घरात कित्येक महिन्यांत कुणी हसलं नव्हतं.

"हला नगा म्हणते ना! एक घडीभर पाय एका जागी ठेवता येत न्हाय तुमाला."

कसंबसं माप झालं. अंगठ्यापाशी तिनं गाठ मारली. मग तो उठला, तिला आधार देऊन त्याच खुर्चीवर बसवलं आणि खाली बसून तिचं पाऊल मांडीवर घेतलं. या खेपेला तिनं पाय ओढला नाही. त्यानं त्याच सुतळीवर अलीकडं दुसरी गाठ मारली. मग गजानं टाचेपासून गुडघ्यापर्यंत मोजलं, गुडघ्यापासून कमरेपर्यंत मोजलं, आणि दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून बराच वेळ तसाच बसून राहिला. "लई सुजलाय गं," तो म्हणाला.

"चार वर्षं झाली," ती म्हणाली.

खुर्ची गोरोबानं केली. कडुलिंबाचं लाकूड, ना पॉलिश, ना नक्षी. दांडे उंच, दाबून उठता येईल असे; पायाखाली बरोबर तिच्या पावलाएवढी फळी. महादेवी बसली आणि दोन्ही तळवे फळीवर सपाट टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बसून पूजा केली. तळहात हलला नाही. किती वेळ झाला तेही तिला कळलं नाही, डोळे उघडले तेव्हा उन्हं कणगीपर्यंत आली होती. सुतळी तिनं खुर्चीच्या दांड्याला बांधून टाकली.

निजामाचं राज्य गेलं, मोटारी सुरू झाल्या, आणि चन्नबसप्पाची भिंगरीही सुरू झाली. "आता कशाला जाता? खुर्ची झाली की," ती म्हणायची. "नुसतं बघून येतो." परत आला की भिंतीला पाठ लावून हवेत बसायचा, आणि ती आपल्या खुर्चीत बसून त्याला हसायची.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात तो सोलापूरचं कुठलंसं नवं दुकान बघून आला तो ताप घेऊनच. नवव्या दिवशी सकाळी गेला.

त्याला आंघोळ घातली, विभूती लावली, भिंतीशी मांडी घालून बसवलं. समोर खुर्चीत महादेवी. तिला आधी रडू आलं नाही, संताप आला. जन्मभर बसा बसा म्हणून घसा कोरडा केला, तेव्हा बसले नाहीत, आणि आज कसे शहाण्यासारखे बसलेत! मग भावकीतला एक म्हातारा दोरी घेऊन पुढं झाला, माप घ्यायला वाकला, आणि तिच्या घशातून हुंदका फुटला.

"थांबा. माप हाय."

तिनं दांड्याची सुतळी सोडली. बोटं वळत नव्हती, वेळ लागला. "लांबची गाठ त्यांची. अलीकडची माझी हाय, ती सोडू नगा. दोरी परत आणून द्या."

म्हाताऱ्यानं सुतळी घेतली, पण तो घुटमळला. "तसं नसतं पोरी. रीत म्हणून एकदा पावलाला लावून बघावं लागंल."

"नगं," महादेवी म्हणाली. "पायाला हात लावू नगा त्यांच्या. त्यांना गुदगुल्या होतात."