भर रस्त्यातली टोपली

सोमवार, दुपारचे सव्वाबारा. शाळा सुटली होती आणि रस्ता ओलांडायला एकवीस मुलं थांबली होती. त्यांत माझी तिसरीतली मुलगी होती. तिला न्यायला मी आलो होतो. कडेला भाजी विकणाऱ्या शांताबाई उठल्या, मेथीची टोपली त्यांनी भर रस्त्यात ठेवली आणि तिच्यामागे हात वर करून उभ्या राहिल्या. एक टेम्पो करकचून ब्रेक मारत थांबला.

"ए बाई, रस्ता तुझ्या बापाचा का?" ड्रायव्हर ओरडला.

"बापाचा नाही रे, या पोरांचा. बस जरा गप."

मुलं हसत पलीकडे गेली.

मला शांताबाईंचा हेवा वाटला, तो अजून जात नाही. इथे गतिरोधक व्हावा म्हणून मी सात अर्ज दिले आहेत. अर्ध्या तासातल्या गाड्या मोजल्या, दोनशे बारा भरल्या. माझे आकडे बरोबर आहेत. पण गाडीसमोर उभं राहावं हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं. लोक हसतील म्हणून कडेलाच राहिलो. आता मुलगी घरात शांताबाईंसारखा हात वर करते, आणि मला ते बघवत नाही.

काल शांताबाई म्हणाल्या, "दादा, उद्या एक दिवस मी गावाला चाललेय. तेवढं पोरांकडे बघाल?"

"बघतो," म्हणालो.

आज मी रस्त्यात उतरलो. गाड्या थांबल्या. माझ्याजवळून जाताना मुलीनं विचारलं, "बाबा, मावशी कधी येणार?"

"उद्या," मी म्हणालो. अजून सहा मुलं यायची होती, म्हणून हात तसाच वर ठेवला.