शिळी येळवणी

दोन हजार तेवीस साल. मला त्र्याहत्तर सरून चौऱ्याहत्तरावं लागलं होतं, आणि बायको गेल्यानंतर घरात धरलेला तो पहिला बेंदूर. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं, पण मधला बेंदूर आम्ही केला नव्हता. ज्या घरातलं माणूस जातं त्या घरात वर्षभर सण करत नाहीत.

बेंदूर म्हणजे आमच्या कोल्हापूरकडचा बैलांचा सण. बैल माझ्या दावणीला आता नाहीत, दोन म्हशी आहेत. ट्रॅक्टर आला तसे सगळ्यांचेच बैल गेले. पण कुंभाराकडनं मातीची जोडी आणायची, पाटावर मांडायची, दिवस बुडायच्या आत तिला पोळीचा निवद दाखवायचा आणि सगळ्यांनी एकत्र जेवायचं, हे काही सुटलं नाही. निदान माझ्या घरात तरी नाही.

आमची दोन घरं, समोरासमोर. माझं थोरलं, भावाचं धाकटं. मधे बैलगाडी जाईल एवढा बोळ. वाटणी होऊन चाळीस वर्षं झाली. विहिरीचं पाणी वाटलं, परड्यातला नारळ वाटला, एका म्हशीवरनं तर आम्ही दोन महिने बोलत नव्हतो. पण बेंदराची चूल वाटली नाही. त्या दिवशी धाकट्या घरात चूल पेटायची नाही. सगळ्यांनी थोरल्या घरात जेवायचं. बायको आणि भावजय पहाटे उठून डाळ चढवायच्या, एक पाट्यावर पुरण वाटायची, दुसरी पोळ्या लाटायची.

आणि येळवणी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवायची आणि ते पाणी चाळणीतनं येळून घ्यायचं, म्हणजे निथळून घ्यायचं. डाळीचं पुरण होतं, पाण्याची आमटी होते. तीच येळवणी. लोक पोळीचं कौतुक करतात, पण आमच्यातली माणसं खरी जमतात ती येळवणीसाठी. वाट्याच्या वाट्या पितात. आणि ती दुसऱ्या दिवशी जास्त लागते. दर बेंदराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझा भाऊ पितळी किटली घेऊन आमच्या उंबऱ्यावर उभा राहायचा.

"वैनी, शिळी हाय का?"

आणि मी आतनं ओरडायचो, "अगं, धाकट्या घरचा भिकारी आलाय बघ!"

चाळीस वर्षं हेच. तो हसायचा, बायको किटली भरून द्यायची. मी थोरला आहे. त्याच्या दारात काही मागायला मी कधी गेलो नाही.

तर त्या वर्षी बेंदराच्या आधी आठ दिवस भावजय आली. दारातच उभी राहून म्हणाली, "भावजी, औंदा पोळ्या आमच्यात करूया की. अक्का न्हाईत. पोरीला एकटीला कसं जमंल?"

पोरगी म्हणजे माझी सून. पुण्याची. मुलगा पुण्याला नोकरीला होता तिथंच लग्न जमलं. आई गेल्यावर मी एकटा पडलो म्हणून तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम बघून परत आला, त्याला सहा महिने झाले होते. त्याआधी ती दोघं दिवाळीला यायची आणि फराळ खाऊन जायची. बेंदराला पुण्यात सुट्टी नसते.

मी म्हटलं, "थोरल्या घरची चूल हाय ती. इकडं तिकडं सरकायला शेगडी न्हाई."

"मग मी येतो पहाटे हाताखाली," ती म्हणाली.

"काय नको. पावण्यागत या आणि जेवा."

बोलून गेलो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती. एकदा चूल बोळ ओलांडून गेली की ती परत येत नाही. मग थोरलं घर नुसतं म्हणायला थोरलं. भावजय वळली. जाताना एवढंच म्हणाली, "येळवणीचं तेवढं सांगा तिला."

सांगायचं काय त्यात? हे मी तेव्हा मनात म्हटलं.

मुलगा म्हणाला, "बाबा, ऑर्डर देऊया. बचत गटाच्या बायका गरम आणून देतात." मी त्याच्याकडं असं बघितलं की तो जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर जाऊन बसला.

मग सुनेला हाक मारली. ती मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लागली. ते बघूनच माझं डोकं तापलं. सण लिहून घेतात होय?

"परवा बेंदूर. पोळ्या करायच्या. पन्नास तरी लागतील."

"पन्नास? बरं. बरोबर काय करू?"

"आमटी."

"आमटी कशाची, बाबा?"

"आमटी कशाची असती? डाळीची! पातळ कर, चौदा माणसं प्यायला पाहिजेत."

"प्यायला," ती म्हणाली आणि तेही लिहिलं. "बटाट्याची भाजी करते. आणि गोड काय करायचं?"

आता मला सांगा, पोळ्या करायच्या म्हटल्यावर कुणी विचारतं का, गोड काय? मला वाटलं ही माझी टर उडवते आहे.

"गोड येगळं कशापायी? पोळ्या हायत की!"

"बरं," ती म्हणाली. पण तोंडावर काहीतरी आलं तिच्या. ते मी बघितलं आणि विचारलं नाही.

बेंदराच्या सकाळी मी म्हशी धुतल्या, शिंगांना हुरमुंजाचा तांबडा रंग लावला. कुंभाराकडनं बैलांची जोडी आणली. दारावर आंब्याच्या डहाळीचा टाळा बांधताना मला जाणवलं, की घरातनं वास येत नाही. गूळ आणि डाळ शिजली की बोळाच्या तोंडापर्यंत कळतं. मी नाक वर करून दोनदा हुंगलं. म्हटलं, गॅसवर करते, गॅसला वास कुठला? नाहीतर आपलंच नाक म्हातारं झालं. आत जाऊन एकदा डोकावलो असतो तर पाच पावलं होती. पण सैपाकघरात डोकावायची मला सवय नाही, आणि त्या दिवशी मुद्दाम डोकावलो नाही. बघायला गेलो तर हिला जमत नाही असं मीच मानल्यासारखं झालं असतं.

बारा वाजता धाकटं घर आलं. भाऊ, भावजय, त्यांची पोरं, सुना, नातवंडं. मुलगा अर्धी रजा टाकून आला. पंगत बसली. भाऊ मांडी घालून मला म्हणाला, "दादा, मी कालच्यानं जेवलो न्हाई बघ. पोट मोकळं ठेवलंय."

"मग चार खा."

"चारनं काय हुतंय?"

सुनेनं ताटं वाढली. घडी घातलेलं काहीतरी, वरनं तूप. बटाट्याची पिवळी भाजी, काकडीची कोशिंबीर, वाटीत आमटी. भावानं घडी उलगडली. पलटली. परत उलगडली. उजेडाकडं धरली. सगळी पंगत त्याच्याकडं बघते आहे.

"दादा," तो म्हणाला, "पुरण कुठल्या कोपऱ्यात हाय?"

एकजण फिस्सकन हसला. मी माझ्या ताटात हात घातला. चपाती होती. पातळ, मऊ, चांगली भाजलेली, पण चपाती.

"हे काय हाय?" मी म्हटलं.

"पोळी," सून म्हणाली.

"ही चपाती हाय."

"बाबा, आमच्याकडे हिलाच पोळी म्हणतात."

"आणि पोळीला काय म्हणता?"

"पुरणपोळी."

आता सगळेच हसायला लागले. भावाच्या डोळ्यांतनं पाणी. "पुण्याच्या लोकांनी पोळीतलं पुरणबी काढून घेतलं गा!" तो म्हणाला. मला हसू आलं नाही. वाटीतली आमटी बघितली. तुरीच्या डाळीची, आमसूल घातलेली, गोडसर. येळवणीचा थेंब नाही. माझ्या बायकोच्या माघारी पहिला बेंदूर, आणि मातीचे बैल पाटावर उपाशी.

माझा आवाज चढला. "लगीन हून चार वर्सं झाली, पोळी कशाला म्हणत्यात ते कळत न्हाई व्हय? सण हाय म्हणून सांगितलं, तरी चपात्या लाटल्या!"

ती रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. पळी हातात तशीच धरून म्हणाली, "मी विचारलं होतं, गोड काय करू. तुम्ही म्हणालात, पोळ्या आहेत की. मला वाटलं इकडे बेंदराला साधंच जेवत असतील. आई गेल्यामुळे गोड नको असेल तुम्हाला, असंही वाटलं. म्हणून परत विचारलं नाही."

 मला जास्तच राग आला. मी ताटावरनं उठलो. भरल्या ताटावरनं उठू नये, हे मी स्वतः सगळ्यांना शिकवलेलं. सोप्यात जाऊन खांबाला टेकून बसलो.

आतनं ऐकू येत होतं. भावजय म्हणत होती, "बाई, आमटी अजून वाढ. झकास झालीया." तिनं दोनदा मागून घेतली. मला माहीत आहे, तिला गोड आमटी आवडत नाही. मग ती हळू आवाजात म्हणाली, "निवदाला पोळी लागती. दिवस बुडायच्या आत झाली पाहिजे. चल माझ्यासंगं. चाळण घे तुझ्या सासूची."

दोघी माझ्यासमोरनं बोळ ओलांडून गेल्या. सुनेच्या हातात ती पितळी चाळण. कुणी मला विचारलं नाही. भाऊ मागनं बाहेर आला, चपला घालताना थांबला. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

"फुडल्या साली आमच्यातच करू, दादा."

"तुमच्यात काय करायचं ते करा."

"रागावू नगंस. चपाती चांगली हुती."

"चपाती चांगली हुती!" मी म्हटलं. 

चारच्या सुमाराला वास आला. बोळाच्या पलीकडनं. डाळ, गूळ, सुंठ, आणि मग येळवणीला घातलेल्या फोडणीचा ठसका. चाळीस वर्षं जो वास माझ्या घरातनं त्यांच्याकडं गेला तो त्यांच्या घरातनं माझ्याकडं येत होता. माझं नाक म्हातारं झालं नव्हतं. मी उठून म्हशींना वैरण टाकली, टाकलेली परत सारखी केली. वास तिथंही आला.

दिवस बुडायच्या आधी सून निवद घेऊन आली. बैलांपुढं ठेवला. मग दुसरं ताट माझ्यापुढं आणलं. दोन पोळ्या, तूप, वाटीत येळवणी. तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं.

"बाबा, पहिली फुटली, ही दुसरी. काकूंनी नुसतं सांगितलं, हात लावला नाही."

मला भूक एवढी होती की ताट पुरलं नसतं. आणि मी म्हटलं, "मी जेवलोय."

"कुठे जेवलात?"

"जेवलोय म्हटलं न्हवं?"

तिनं ताट उचललं.  "मग उद्या सकाळी शिळी खा. काकू म्हणाल्या, शिळी जास्त लागते. पण मी इथली वाटी तुमच्या मुलाला देणार, ती ठेवणार नाही. शिळी हवी असेल तर पातेलं तिकडे आहे."

मुलानं माझी वाटी माझ्यासमोर प्यायली. आवाज करत. बोट फिरवून वाटी पुसली. त्याला बापाचा मान कळत नाही, आणि चव कळते.

मी अजूनही म्हणतो की चपातीला पोळी म्हणणं चूक आहे. चौथीपर्यंत शिकलोय, पण एवढं कळतं. जिच्यात काही भरलं नाही ती पोळी कसली? हे मी पुण्यात जाऊनसुद्धा सांगेन. पण त्या रात्री रिकाम्या पोटी पडल्यावर दुसरंच डोक्यात येत राहिलं. पाच पावलांवर सैपाकघर होतं. भावजय दारात येऊन, हाताखाली येतो म्हणाली होती. सुनेनं गोड काय ते विचारलं होतं. बायकोनं चाळीस वर्षं तो सण केला, आणि डाळ किती पाण्यात शिजवायची हे मला स्वतःला ठाऊक नव्हतं. मी नुसता वास घेतलेला माणूस. चूल माझी म्हणून भांडत होतो, आणि तिच्यापुढं कधी बसलो नव्हतो.

सकाळी धारा काढल्या, दूध डेअरीत घातलं. परत येऊन ओट्यावर बसलो. किटलीची ही वेळ. समोरचं दार उघडं होतं, भाऊ दारात बसून मिशरी लावत होता. तो उठला नाही. तो कशाला उठेल? पातेलं त्याच्यात होतं.

मी आत गेलो. किटली तशी आमच्यात कधी लागली नाही, म्हणून दुधाची बरणी घेतली. विसळली. सून गॅसपाशी चहा करत होती, तिनं बघितलं आणि चहात साखर घालत राहिली. मी बोळ ओलांडला आणि धाकट्या घराच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. भाऊ माझ्याकडं बघतोय, बोट तसंच दातावर.

"तुझी वैनी न्हाई म्हणून मी ईचारतो," मी म्हटलं. काहीतरीच बोललो. मग नीट म्हटलं, "शिळी हाय का?"

त्यानं चूळ भरली. सावकाश टाकली. तोंड पुसलं. आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा आत बघून ओरडला, "अगं ए, थोरल्या घरचा भिकारी आलाय बघ!"

मी बरणीचं झाकण काढलं आणि हात पुढं केला.