बंद सर्व्हरवर आलेला सारसाचा फोटो

आधीच सांगून ठेवते, भूतखेत, भानामती, अंगात येणं... असल्या भानगडीत मी कधी पडले नाही. तिरोड्याच्या एका कॉलेजात मी मुलांना लिनक्स शिकवते. पोरं म्हणतात, "मॅडम, मी काहीच नाही केलं, आपोआप झालं." मी सरळ झापते. मशीन आपोआप काही करत नसतं, कोणीतरी सांगितलेलं असतं म्हणून करतं. तर अशी मी, आणि मलाच हे लिहावं लागतंय. हसायचं तर हसा.

गावाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर लोक मोबाईल घेऊन पाखरं बघायला धडकतील आणि मामाजी माझ्यावरच भडकतील. मामाजी म्हणजे माझे सासरे. शाळेमागच्या आमच्या बांधीत (धानाच्या खाचराला आमच्याकडे बांधीच म्हणतात) दर पावसाळ्यात सारसाची जोडी घरटं करते. माणसाएवढा उंच, लाल डोक्याचा पक्षी. महाराष्ट्रात आता हे सारस उरलेत ते मुख्यतः आमच्याच भागात, तेही बोटावर मोजण्याइतके. त्यामुळे "आमच्या बांधीत सारस हाये" हे मामाजी लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगतात. घरट्याभोवतीचा धान ते निंदत नाहीत, कापत नाहीत. पाखरू बिथरून उठलं तर अंडी थंड पडतात, म्हणून तिकडे कोणी फिरकायचं नाही असा त्यांचा दंडक.

आणि त्याच दंडकापायी मागच्या वर्षी घोळ झाला. बांधीत पाणी चढलं, अंडी बुडाली, आणि कोणाला पत्ताच नाही. मामाजी त्या दिवशी जेवले नाहीत.

म्हणून यंदा गोंदियाच्या दुबे भैयांनी कॅमेरा दिला. त्यांना पक्ष्यांचं वेड आहे. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, उंच लोखंडी पाईप रोवून त्याच्या टोकाला तो बसवला. तो थोड्या थोड्या वेळानं घरट्याचा फोटो काढायचा आणि वायरलेसवरून आमच्या घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर पाठवायचा. फोटो घेऊन ठेवणारा एफटीपी सर्व्हर त्या कॉम्प्युटरवर मी उभा केला. एकटीनं. कोणाला फोन न करता. स्वयंपाकघरातून कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत! हो, आहे मला त्याचा अभिमान, का नसावा?

भादव्यात एक दिवस फोटो यायचे थांबले. आभाळ भरून आलेलं, वरच्या बांध्या तुडुंब, आणि घरट्यात दोन अंडी.

मामाजी दारातूनच ओरडले, "काऊन वो, फोटू काऊन नाही येऊन रायले?"

"बघते ना, मामाजी. कॅमेरा काढून आणता का? त्याच्यातच काहीतरी बिघाड दिसतो."

ते कुरकुरत गेले. त्यांना ती पाखरं ओळखतात, बिथरत नाहीत. कॅमेरा काढला, लोंबणारी वायर पाईपलाच दुपट्ट्याच्या हिरव्या चिंधीनं बांधून आले. म्हणाले, "घरटं धुऱ्यावरून दिसतच नाही, धान लय वाढला."

मी कॅमेरा टेबलावर खोलला. बॅटरी काढून बाजूला ठेवली. सेटिंग बदलायची म्हणून सर्व्हर बंद केला, खरंच बंद झाला का तेही तपासलं. बंद. मग एकेक गोष्ट बघत गेले. खातं बरोबर, पासवर्ड बरोबर, फायरवॉल ठीक. शेवटी फोटोंच्या फोल्डरचा मालक कोण ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. आदल्या दिवशी मी नवी हार्डडिस्क लावली होती, त्यामुळे फोल्डरचा मालक झाला होता रूट, लिनक्सचा सर्वेसर्वा. कॅमेऱ्याच्या खात्याला तिथं काही ठेवायची परवानगीच नव्हती. तो बिचारा फोटो आणत होता आणि दारातूनच परत जात होता. सापडलं! खुर्चीतल्या खुर्चीत मी चुटकी वाजवली.

तेवढ्यात लक्षात आलं... नवी डिस्क आहे, कोणाला परवानगी नाही, म्हणजे फोल्डर रिकामा पाहिजे. त्यात एक फाईल होती.

नाव कॅमेरा देतो तसंच. वेळ आत्ताची, म्हणजे कॅमेरा माझ्यासमोर उघडा पडलेला होता तेव्हाची. उघडली. घरटं. दोन अंडी. पाखरू वर बसलेलं नाही. आणि पाणी अंड्यांना टेकलेलं. मागे, पलीकडे, धुऱ्यावरचा आमचा लोखंडी पाईप. नुसता पाईप. त्यावर हिरवी चिंधी.

वेळ पुन्हा एकदा तपासली, तीच. पण विचार करत बसायची वेळ नव्हती. "मामाजी! पाणी चढतंय!"

त्यांनी स्क्रीनकडे एकदा बघितलं. "पावडा घे!"

आम्ही धावत सुटलो. वरच्या बांधीचा धुरा खेकड्यांनी पोखरून फुटला होता, लोंढेच्या लोंढे आमच्या बांधीत येत होते. दोन्ही सारस घरट्याशेजारी उभे राहून ओरडत होते. पाणी काढायचं तर आमचा खालचा धुरा तोडायला हवा होता. मी म्हटलं, "मामाजी, कालच युरिया टाकला ना? सगळा वाहून जाईल."

"जाऊ दे ना बाप्पा! खत आखीन टाकता येते. हे पाखरू आता अंडं कुठून आनन?" आणि घातला की घाव! मी वरचं भगदाड बुजवायला घेतलं, साडीसकट गुडघाभर चिखलात. पाणी उतरायला लागलं तशी मादी डौलात चालत गेली आणि अंड्यांवर बसली. मामाजींनी तोंड फिरवून डोळे पुसले. मला माझ्या सासऱ्यांचा इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

मग मात्र मी पलीकडे गेले, फोटो जिथून निघाला असेल त्या बाजूला. तिथं उभा धान. एक काडी वाकलेली नाही, चिखलात माणसाचं एक पाऊल नाही. पाय घालायचा तर धान मोडणारच.

दुबे भैया दुसऱ्याच दिवशी आले. सर्व्हरच्या सगळ्या नोंदी चाळल्या. त्या फोटोची नोंदच नाही. "भाभी, ये तो हो ही नहीं सकता." मग जरा दबकत, "आपने कहीं से कॉपी तो नहीं किया?"

मी उसळले. "भैया, दोष मी शोधला, धुरा मी बुजवला. आता खोटे फोटोही मीच बनवते का?" ते बिचारे ओशाळले. कॅमेऱ्याचं कार्डही तपासलं, त्यातही तो फोटो नाही. फोल्डरची परवानगी मी सरळ केली आणि तेव्हापासून सर्व्हर एकदाही अडलेला नाही. तेवढं श्रेय माझं, ते कोणाला देणार नाही.

फोटो अजून माझ्याकडे आहे. शिकलेल्या खूप जणांना दाखवला, प्रत्येकाकडे एक तर्क, आणि प्रत्येक तर्क कुठेतरी लंगडा. एकदा मामाजींनाच विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोणी काढला असेल?"

ते बैलांना पाणी पाजत होते. मान वर न करता म्हणाले, "ज्याचे अंडे, त्यानंच काढला असन. तुले कायले पाह्यजे?"

दिवाळीनंतर धान कापला तेव्हा बांधीत दोन मोठे सारस चालत होते आणि त्यांच्यामागे दोन पिवळसर पिल्लं. धुऱ्यावर अर्धं गाव उभं होतं, आणि मामाजी येईल त्याला सांगत होते, "चार हायेत. मोजून घ्या."