भिंतीवरचा सोमवार

डुब्रोव्हनिक या गावाचं नाव मला अजून धड घेता येत नाही. समुद्राकाठचं जुनं गाव आहे आणि त्याला चारी बाजूंनी दगडी तट आहे. त्या तटावरून चालत गावाला पूर्ण फेरी मारायची, हेच तिथलं मोठं बघणं. लेक आणि जावई जर्मनीत नोकरीला आहेत. आम्ही दोघं नांदूरघाटहून त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. मधे चार दिवस त्यांनी आम्हाला तिथं फिरायला नेलं.

त्या दिवशी नातीला ताप आला. तिकिटं आधीच काढलेली होती. लेक म्हणाली, "तुमी दोघं जाऊन या. एकच वाट हाय, चुकायचं भ्याव न्हाई. फक्त मागं फिरू देत न्हाईत."

वार सोमवार होता. आमचे हे सोमवार धरतात, तोही कडक. दिवस मावळेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, चहासुद्धा नाही. त्यात त्यांना साखरेचा आजार. अंबाजोगाईच्या डॉक्टरनं बजावलं होतं, उपास सोडा, नाहीतर त्या दिवशी गोळी तरी घेऊ नका. गावी ते गोळी घेत नसत. इथं सकाळी लेकीनं गोळी हातावर ठेवली. उपास आहे म्हटलं असतं तर ती ओरडली असती. म्हणून त्यांनी गोळी गिळली आणि पाव खिडकीतून मांजराला टाकला. मी बघितलं आणि गप्प बसले. इतक्या वर्षांच्या संसारात गप्प बसायची सवय लागते. ती चांगलीच असते असं नाही.

आणखी एक गोष्ट आम्हा दोघांच्याही ध्यानात आली नव्हती. त्या मुलखात उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजले तरी दिवस मावळत नाही.

तीनच्या आत आम्ही जिना चढलो. वर दोन माणसं जेमतेम शेजारून चालतील एवढी वाट. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला लाल कौलं, आणि कुठं सावली नाही. पुढं माणसं, मागं माणसं. थांबलं की मागचे थांबत आणि आपल्याकडे बघत. हे पुढं चालत होते. अर्ध्या तासानं त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला दिसला.

मी म्हटलं, "हात कावून थरथरायलाय?"

"ऊन हाय."

"उनानं हात थरथरत न्हाई. बसा."

"लोक बघायलेत."

"बघू द्या. तिकीट त्यांनी काढलंय, आपणबी काढलंय."

ते बसले, भिंतीला पाठ लावून. कपाळाला हात लावला तर घाम गार होता. साखर उतरली होती, हे मला ठाऊक होतं. डॉक्टरनं बजावायच्या आधी गावी एकदा असंच होऊन ते गोठ्यात पडले होते. मी उठले आणि मदत आणायला आल्या वाटेनं मागं निघाले, तर तिथल्या पहारेकरणीनं हात आडवा केला आणि बोट पुढं दाखवलं. मी खुणेनं नवरा दाखवला. तिनं पुन्हा बोट पुढंच केलं. खाली उतरायचा जिना पुढं कुठंतरी होता, आणि ह्यांना दहा पावलंही चालवणार नव्हती.

पिशवीत माझ्यापुरत्या दशम्या होत्या, दुधात गूळ घालून केलेल्या. एक काढून पुढं केली.

"दिवस हाय अजून," ते म्हणाले. जीभ जड झाली होती.

"हितला दिवस रातीपस्तोर हाय. तवर तुमी ऱ्हाताव का?"

"महादेवाचा उपास हाय. तुझ्या सोयीनं सुटत न्हाई."

माझ्यानं त्यांचं मन वळणार नव्हतं. आजवर वळलेलं नाही. ते एका माणसाचं ऐकतात, थोरल्या वहिनीचं. लहानपणी तिनंच त्यांना जेवू घातलं. मी जावेला फोन लावला आणि त्यांना ऐकू जाईल असा धरला.

"जाऊबाई, ह्यांना गार घाम सुटलाय आन् उपास सोडंनात. आपल्याकडं दिवाबत्ती झाली का?"

ती म्हणाली, "कवाच झाली. भावजी, ऐकू यायलंय का?"

"हाव, वहिनी."

"महादेव आपल्या गावचा हाय का तिथला?"

"आपला."

"मग त्याचा दिवस मावळलाय. खावा बरं. मेलाव तर तुमचे सोमवार कोन धरील, म्या?"

त्यांनी दशमी घेतली. पहिला घास बराच वेळ तोंडात फिरवत बसले. माणसं आमच्या पायांवरून ओलांडून जात होती. दुसरी दशमी त्यांनी मागून घेतली. हात थांबायला पाव तास लागला. तेवढा वेळ मी त्यांचं मनगट धरून होते. समुद्र फार सुंदर आहे असं सगळे सांगतात. असेल.

मग हळूहळू पुढच्या जिन्यापर्यंत गेलो आणि उतरलो. खाली ते म्हणाले, "लेकीला सांगू नको."

"सांगणार," मी म्हटलं, आणि खोलीवर गेल्या गेल्या सांगितलं, गोळी, पाव, मांजर, सगळं. लेक त्यांच्यावर ओरडली, मग माझ्यावर ओरडली. माझ्यावर जास्त. ते बरोबरच होतं.

पुढचा सोमवार जर्मनीत आला. सकाळी मी गोळीची पट्टी उचलून ठेवली आणि दुपारी साडेतीनला, गावी सात वाजून दिवाबत्ती होते तेव्हा, ताट वाढलं. बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी खिडकीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि हात धुवायला उठले.